व्हॉल्व्ह तापू द्या

त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. गल्लीत सगळे त्यांना ‘तापूद्या’ म्हणत. जिन्याखालच्या दहा बाय आठच्या खोलीत ते गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करत. तेही व्हॉल्व्हवाले, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, जे उचलताना माणसाला आपलं वय कळतं. गिऱ्हाईक घाईघाईने गिटार जोडायला गेलं की हे हात आडवा घालत आणि म्हणत, “तापू द्या.” आधी पहिला खटका. मग नळ्यांत केशरी उजेड येईपर्यंत थांबायचं, आणि वर आणखी दोन मिनिटं गप्प बसायचं. मगच दुसरा खटका.

नळ्यांना एवढा वेळ लागतो हे खरंच. पण तापूद्यांनी ही शिस्त साऱ्या जगाला लावायचा चंग बांधला होता. पंखा लावला, तापू द्या. मुलीचा निकाल संगणकावर उघडायचा, त्यालाही तापू द्या. बायको आल्यागेल्याला सांगे, “मला होकार द्यायला यांनी चार महिने लावले. तापत होते!”

मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला स्वतःच्या हाताने एक अँप्लिफायर बांधून दिला. तेहतीस किलोचा. पोरगी स्वतः त्या वेळी चाळीस किलोची असेल. तेव्हापासून बारा वर्षं तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला तो पेटारा तेच उचलून नेत, पडद्यामागे स्टुलावर बसत आणि दोन मिनिटं मोजत. टाळ्या पडल्या की मुलगी लोकांकडे बघे आणि हे अँप्लिफायरकडे बघून “शाब्बास” म्हणत. तिने याचा कधी राग मानला नाही. ही शाबासकी कुणाला आहे ते तिला बरोबर कळत होतं.

गेल्या महिन्यात त्या अँप्लिफायरच्या मूळच्या नळ्या गेल्या. तापूद्यांनी नव्या घातल्या, दोन दिवस कान लावून ऐकलं आणि “झकास” असं जाहीर केलं. जुन्या मात्र कापसात गुंडाळून खणात ठेवल्या. मेलेल्या नळ्या कशाला जपून ठेवायच्या, हे बायकोने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. आणि मुलीचा कार्यक्रम तर तोंडावर आलेला, आजवरच्या सगळ्यांत मोठ्या सभागृहात.

“मी डबा नेते,” मुलगी म्हणाली.

डबा म्हणजे तिचं डिजिटल यंत्र. आकाराने जेवणाच्या डब्याएवढं. त्याला कुठलाही अँप्लिफायर ऐकवला की ते त्याचा आवाज शिकून घेई आणि हुबेहूब तसाच काढून दाखवी, निदान मुलगी तरी तसं म्हणे. तापूद्यांनी नाक मुरडलं.

“तो आवाज नाही, आवाजाचा फोटो आहे. फोटोतल्या पाण्याने तहान भागते का?”

“बाबा, स्टेजवर पाणी कोण पितंय?”

वाद चार दिवस चालला. तापूद्या तारांवर बोलले, उष्णतेवर बोलले, आकडेमोडीला हृदय नसतं यावर तर जेवण निवेपर्यंत बोलले. जे खरं बोलायचं होतं तेवढंच तोंडातून निघेना. डबा ती एका हाताने नेणार. मग आपण कशाला जायचं? बारा वर्षं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अँप्लिफायर जाई, म्हणून तेही जात. तो घरी राहिला तर पडद्यामागचं ते स्टूलही गेलं. आणि कंबरेमागची उशी सारखी करत ते पुन्हा उष्णतेवर बोलू लागत.

शेवटी बायको वैतागली. “अहो, एकदाचं काय ते ऐका ना! तुम्ही पाठ करून बसायचं, ही दोन्ही वाजवेल. ओळखलं, तर हमाल लावून तो पेटारा न्यायचा. नाही ओळखलं, तर डबा. आणि घरात शांतता.”

तापूद्यांनी अटी घातल्या. स्पीकर एकच हवा. अँप्लिफायर आणि डबा यांच्यामधला खटका त्यांनीच बनवलेला हवा. आणि तो बायकोने दाबायचा, कारण मुलगी लबाड आहे. अँप्लिफायर तापवला. डबाही तापवला, कारण त्यांच्या घरात पर्याय नव्हता. मग ते भिंतीकडे तोंड करून, फाशीची शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशासारखे ताठ बसले.

मुलीने चार ओळी वाजवल्या. खटका. त्याच चार ओळी पुन्हा.

“हॅ!” तापूद्या मान न वळवता म्हणाले. “यात ओळखायचं काय? पहिला डबा. चकचकीत आहे, पण कोरडा. दुसरा माझा. मधल्या तारेवर बघ, जरा घसा बसल्यासारखा होतो आणि मग मोकळा होतो. हे कुठल्या आकडेमोडीला जमणार?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

“काय झालं?”

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “दुसरा डबा होता.”

तापूद्या उठले. खटका तपासला. तारांचा हाताने माग काढला. बायकोला डावं-उजवं कळतं का, तेही एकदा तपासून घेतलं आणि त्याबद्दल योग्य ते ऐकून घेतलं. मग खुर्चीत बसले. आपल्या हाताने बांधलेल्या अँप्लिफायरला त्यांनी कोरडा म्हटलं होतं!

“तुमचं चुकलं नाही,” मुलगी म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही घरी नसताना मी अँप्लिफायर डब्याला ऐकवला होता. तेव्हा त्यात जुन्या नळ्या होत्या. तुम्ही आत्ता त्याच ओळखल्यात.”

तापूद्यांनी खणाकडे पाहिलं. नव्या नळ्या घातल्यापासून त्यांना तो घसा ऐकू येत नव्हता आणि हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

“पुन्हा वाजव,” ते म्हणाले.

तिने वाजवलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवायची तसदीही घेतली नाही. बायकोने हातातलं फडकं पुढे केलं. “घ्या. तापल्या वाटतं नळ्या.”

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मुलगी डबा पिशवीत टाकून दारात उभी राहिली. तापूद्या वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

“चला.”

“मी काय करू तिथे? उचलायला तर काही नाही.”

“उचलायला कोण बोलावतंय? चप्पल घाला.”

सभागृहात तिने त्यांना पडद्यामागे बसू दिलं नाही. पहिल्या रांगेत बसवलं. बारा वर्षांत त्यांनी तिला समोरून वाजवताना पाहिलं नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले. दिवे उजळले. मुलगी आली, तिने डबा सुरू केला. त्याचा हिरवा दिवा चुटकीसरशी लागला. यंत्र तयार होतं. मुलीने गिटारला हात लावला नाही.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. लोक खोकू लागले. आयोजक बाजूने धावत आला. “मॅडम, काही बिघडलं का?”

मुलगी माइकपाशी झुकली. “तापू द्या,” ती म्हणाली आणि पहिल्या रांगेकडे पाहून हसली.

आयोजकाने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला हातानेच विचारलं, सुरू करायचं का? तापूद्यांनी घड्याळावरची नजर न काढता हात आडवा केला.

“अजून वीस सेकंद.”