एक घाणी करडई

आईला घरच्या करडईचं एक घाणीभर तेल हवं होतं, एवढीच गोष्ट. ही मागणी तिनं दिवाळीपासून लावून धरली होती आणि आम्ही भावंडं ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. अखेर भावानं तिला सांगून टाकलं, "आता सगळ्या रानात ऊस लावायचाय. ह्या बारीला करडई निघंल ती शेवटची." मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण आई एवढंच म्हणाली, "मंग तेवढ्याचं तरी तेल काढून आणा."

घाणी म्हणजे घाण्यात एका वेळी लागतं तेवढं बी. त्याहून कमी टाकलं तर घाणा नुसता फिरतो, बी यंत्रालाच चिकटून बसतं आणि तेल हाती लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावातच घाणा होता. करडई निघाली की त्याच्या दारात पोत्यांची रांग लागायची. ज्यांचं बी कमी भरायचं, ती दोन-तीन घरं मिळून घाणी जुळवायची आणि तेल वाट्यानं घ्यायची. आमचं तर दरवर्षी कमीच भरायचं. पण आम्ही बौद्धवस्तीतले. आमचं बी वरच्या आळीच्या बियांत मिसळत नसत. तसं कुणी बोर्ड लावून सांगितलं नव्हतं. आमच्या बांधालाच ज्यांचं शेत, त्या वरच्या आळीच्या काकी एकदा आईच्या शेजारी ठेवलेलं आपलं पोतं ओढून बाजूला घेत म्हणाल्या होत्या, "आमची घाणी येगळी काढा." आवाज चढला नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता. मग आमच्या वस्तीतलं आणखी कुणी बी घेऊन येईपर्यंत आई उन्हात बसून राहिली आणि मी तिच्या पदराच्या सावलीत. तेलालाही जात असते, हे मला शाळेत नाव घालण्याआधीच कळलं. आजही आठवलं की डोकं भणभणतं.

तरी त्या तेलाची चव विसरता येत नाही, ही माझ्या जिभेची लाचारी. गरम भाकरी, वर तिखट-मीठ आणि कच्च्या करडईच्या तेलाची धार. आमचा सणही तोच आणि रोजचं जेवणही तेच.

गंगापूरच्या अलीकडचं आमचं शिवार तेव्हा थंडीत पिवळं-केशरी व्हायचं. ज्वारीच्या चारही कडांना करडईच्या काकऱ्या, म्हणजे पेरलेल्या ओळी, असायच्या. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे, म्हणून कुंपणही तेच आणि तेलही तेच. कापणी पहाटे, दंव असेतोवर. ओले काटे नरम असतात, ऊन चढलं की सुयांसारखे घुसतात. हाताला चिंध्या बांधून बाया ओळीनं बसायच्या आणि पहिल्या उन्हाबरोबर उठायच्या. दुपारी आई मला सुई देऊन तळहात पुढं करायची.

मग हे सगळं गेलं. एका वर्षात गेलं असतं तर आरडाओरडा तरी झाला असता. आधी जवस गेलं, मग कारळं. तीळ संक्रांतीपुरते दुकानातून यायला लागले. भुईमूग रानडुकरांनी उकरून खाल्ला. कपाशी थंडीपर्यंत रानात उभी राहू लागली, तेव्हा रब्बीला जागाच उरली नाही. धरणाच्या फुगवट्यावर पाणी उपसायच्या मोटारी बसल्या आणि ऊस आला. करडईला ओली जमीन चालत नाही, तिच्या मुळ्या कुजतात. सोयाबीनही आलं. ते तेलाचंच पीक म्हणतात. पण आमच्या घाण्याला त्याचं तेल निघेना. ते ट्रकमधून कुठल्याशा मोठ्या कारखान्यात जातं, आणि आमच्या घरात दुकानातला पुडा येतो. त्यातलं तेल कुठल्या झाडाचं, कुठल्या मुलखातलं, देव जाणे. घरात पोत्यांनी तेलबिया आणि फोडणीला बंदरावरून आलेलं तेल, असा आमचा विकास झाला. मी शहरात हर्सूलला राहते, दवाखान्यात नर्स आहे, मीही तोच पुडा आणते. मला कुणाला नावं ठेवायचा अधिकार नाही, पण ठेवल्याशिवाय राहवत नाही.

आईनं मात्र बांधालगतच्या काही काकऱ्या सोडल्या नाहीत. दरवर्षी मळणी झाली की चांगलं टपोरं बी निवडून, राखेत घोळून गाडग्यात भरून ठेवायची. तिच्या लग्नाच्या आधीपासून घरात असलेलं ते वाण. अलीकडं पीक हाती फारसं लागत नव्हतं. पूर्वी पाखरं सगळ्या गावाच्या करडईत वाटली जायची, आता सगळ्या शिवाराची पाखरं ह्या काकऱ्यांवर उतरत. माव्याची कीड पडली तीही सगळी इथंच. एकट्यानं पेरलेलं पीक एकट्यालाच राखावं लागतं, आणि आईचे पाय आता तिला बांधापर्यंतही नेत नव्हते. यंदा कापायला मजूर मिळाले नाहीत. काट्याचं रान म्हणताच बाया उठून जात. शेवटी भाऊ आणि वहिनीनं चरफडत कापलं. निघालं ते पोत्याच्या तळाशी बसलं.

मी रजा टाकून गेले. सकाळी आई अंगणात सूप घेऊन काहीतरी पाखडत होती, राख उडत होती. मी लक्ष दिलं नाही. गावातला घाणा केव्हाच बंद पडला, म्हणून जीप धरून आम्ही दोघी गंगापुरातल्या लोखंडी घाण्यावर गेलो. तिथं सरकीची ढेप आणि जनावरांच्या खाद्याची पोती लागलेली. घाणेवाल्यानं पोतं हातानं उचलून बघितलं. "मावशी, ह्याच्यात नाय भागायचं. निम्मं बी नाय हे. कुणाचं जोडीला आणा."

"कुणाचं आणू?" आई म्हणाली. आमच्या वस्तीत खरंच कुणाचं नव्हतं.

आम्ही दाराशी बसलो. मी म्हणाले, शहरात घाण्याचं तेल काचेच्या बाटलीत मिळतं, ते आणून देते. आईनं पोत्याची गाठ पुन्हा आवळली. उन्हं चढली, आणि रिक्षातून नातसुनेचा हात धरून वरच्या आळीच्या त्या काकी उतरल्या. कमरेत वाकलेल्या, हातात पिशवी. त्यांच्याही बांधावर शेवटच्या दोन-चार काकऱ्या राहिल्या होत्या. घाणेवाल्यानं त्यांनाही तेच ऐकवलं. मग त्यांना आई दिसली.

त्या पिशवी सावरत आमच्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "अगं, आमचं बी तुझ्यात घाल."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते ऊन, ते ओढून घेतलेलं पोतं, सगळं. आईनं माझा हात दाबला. "घाला काकी," ती म्हणाली. "आता येगळं काढायला हाय काय?"

काकींनी पिशवी आमच्या पोत्यात रिकामी केली. तरीही कमी पडलं. घाणेवाल्यानं मान हलवली. तेव्हा आईनं मांडीखालचं गाठोडं पुढं ओढलं आणि गाठ सोडली. आत निवडलेलं, टपोरं, पांढरंशुभ्र बी होतं. सकाळी ती काय पाखडत होती ते तेव्हा मला कळलं. कमी पडणार हे तिला घरूनच माहीत होतं.

"अगं, बियाणं हाय ना ते?" काकीच ओरडल्या. "ऱ्हाऊ दे. समदं नको घालू."

मी तिचं मनगट धरलं. "पुढच्या साली काय पेरशील?"

"कुठं?" आई म्हणाली.

माझा हात आपोआप सुटला. काकींनी वाकून आमच्या पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं, आणि आईनं बी आत ओतलं.

घाणा भरला. तेल आधी गढूळ आलं, मग सोनेरी. दोन बाटल्यांत सारखं वाटून घेतलं. घाणेवाल्यानं विचारलं, "पेंड न्यायची का?" दोघींच्याही दारात आता बैल नव्हते. पेंड तिथंच राहिली.

आई ते तेल पुरवून पुरवून खात होती. पावसाळा सरता सरता बाटली संपली. दसऱ्याच्या सुमाराला मी घरी गेले, तेव्हा करडई पेरायच्या रानात ऊस माणसाच्या वर गेला होता. दुपारी आई उतरंडीपाशी गेली, गाडगं खाली घेतलं आणि आत हात घातला. दरवर्षी ह्याच दिवसांत ती बी काढायची. हात सवयीनं गेला असणार. बाहेर आला तेव्हा बोटांना फक्त राख होती.

तिनं हात पदराला पुसला. "वहिनीला म्हणावं," ती मला म्हणाली, "तेलाचा पुडा संपलाय, बाजारातनं येताना घेऊन ये."