टेम्पोच्या पाठीवरची अक्षरं

आमच्या हडपसरच्या सोसायटीत बातमी फिरत होती, की अफशीनदीदीला कंपनीने काढलं आणि ती आता मार्केट यार्डात टेम्पो मोजत बसते. तळमजल्यावरच्या दीपमालाकाकू तर मान तिरकी करून, अगदी हळू आवाजात जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "शिकलेली पोरगी हो! पण आपण कशाला बोला?"

साफ खोटं. नोकरी शाबूत होती, दीदीने रजा टाकली होती. तिचे अब्बा मेहबूबचाचा यार्डात टेम्पो चालवतात. तिथल्या टेम्पोवाल्यांसाठी तिने स्वतः एक ॲप बनवलं होतं. कोणाचा माल कोणत्या गाळ्यावर उतरवायचा, ते फोनवर दिसायचं. म्हणजे, दिसायला हवं होतं. उन्हात ती बारीक अक्षरं कोणालाच वाचता येईनात. संघटनेचे अध्यक्ष तात्याराव म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर बंद. आपण आपले ओरडून सांगू, घसा फुकट आहे."

म्हणून दीदी यार्डात जाऊन बसली, कोण काय कसं वाचतं ते बघत. फोन लांब धरून डोळे बारीक करणारा ड्रायव्हर पुढच्या टेम्पोच्या पाठीवरचं मात्र चालत्या गाडीतून वाचत होता. झालं! अब्बांच्या टेम्पोच्या मागच्या फळीवरची जाडजूड, गुबगुबीत अक्षरं तिने फोटो काढून एकेक गिरवली, नसलेली त्याच वळणाने घडवली. अख्खा फॉन्ट केला.

"फोनमध्ये आयते फॉन्ट असतात की गं," मी म्हटलं.

"असतात. एसीत बसून वाचणाऱ्यांसाठी."

गुरुवारी मीही तिच्याबरोबर यार्डात गेले आणि पहिला प्रयोग आपटला. मालाची यादी सकाळीच फोनात आली होती, पण फॉन्ट ऐनवेळी इंटरनेटवरून उतरणार होता आणि यार्डाच्या पत्र्याखाली रेंजच नाही. पडदा पांढराफटक. तात्यारावांनी फोन उलटासुलटा केला. "वा. गाळा नाही, माल नाही. सुटलो की आम्ही." हे मी त्यांच्याच नाकातल्या आवाजात परतताना रिक्षावाल्यालाही ऐकवलं. तो हसला, दीदी नाही.

"फॉन्ट ॲपच्या पोटातच घालते. रेंज गेली खड्ड्यात."

पण ॲप जड झालं, आणि चाचांचा फोन आधीच 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी गच्च. मग तिने न लागणाऱ्या इंग्रजी अक्षरांना रजा दिली, नक्षी छाटली. जेवण हातात, नजर लॅपटॉपवर.

मी चिडवलं, "तात्याराव खिशातला चष्मा लावल्याशिवाय वाचणारच नाहीत."

"लाव पैज."

"लावली! मी हरले तर तू सांगशील ते काम करीन."

शनिवारी भर दुपारी तात्यारावांनी फोन हातभर लांब धरला. दुसरा हात खिशाकडे गेला. मी जिंकलेच! खिशातून रुमाल निघाला. त्यांनी पडदा पुसला.

"गाळा चव्वेचाळीस, कांदा. मेहबूब, गाडी मागे घे." बास, एवढंच कौतुक. मग म्हणाले, "आणि हे सगळ्यांच्या फोनात भरून कोण देणार? मी?"

"ही देईल," दीदीने माझा दंड धरून मला पुढे ढकललं. "पैज हरलीय."