हात सुटला की थांबणारं मशीन

खराडीतली आमची जमीन गेली आणि तिच्यावर आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आता पुढं काय, याचा घरातले पुरुष खल करत होते, तोवर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्यातल्याच एका आवाराच्या बागकामाचं कंत्राट घेऊनही टाकलं. गावातल्या चार बायका सोबतीला घेतल्या. फोन आणि साहेबलोकांशी बोलणं माझ्याकडे आलं.

गवत कापायचं मशीन आधीच्या कंत्राटदाराचंच होतं. जुनं आणि जड. एका पावसाळी सकाळी मागच्या उतारावर आमच्यातली एकजण घसरली. मशीन तिच्याकडेच मागं आलं आणि पात्यानं गमबुटाचं टोक उडवलं. जाऊबाईंनी धावत जाऊन इंजिन बंद केलं, बूट काढला, पायाचं एकेक बोट चाचपलं. पाय शाबूत होता. मग तिला जवळ घेऊन त्या तिथंच ओल्या गवतात बसून राहिल्या.

तिथल्या मॅनेजरना पाय वाचल्याचं बरं वाटलं, पण परदेशी पाहुणे यायचे होते. आजच्या दिवस त्याच मशीनवर भागवा, असं ते म्हणाले. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "गवत परत वाढतंय, साहेब. बोट वाढत नाय."

काम थांबलं. आम्ही दोघी नाना पेठेत एका मशीनवाल्या चाचांकडे गेलो. त्यांचे वडीलही हाच धंदा करायचे. त्यांनी आधी रुंद पात्याचं, आपोआप पुढं जाणारं मशीन दाखवलं. मला ते बघताक्षणी आवडलं. जाऊबाईंनी एवढंच विचारलं, की हात सुटला तर पातं थांबतं का? चाचांनी दांड्याजवळची पट्टी दाखवली. ती धरली तरच पातं फिरतं. विजेवरचं मशीन मात्र घेऊ नका, ओल्या गवतात वायर ओढत न्यावी लागते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "चालवणाऱ्या बाया तिकडं हायत. तिथंच बघू." चाचांनी ते मोठं आणि तशीच पट्टी असलेलं एक लहान, अशी दोन मशीनं टेंपोत चढवली आणि स्वतःही आमच्याबरोबर आले.

मोठं मशीन बायकांनाच ओढत नेऊ लागलं. लहान हलकं होतं, सुरू करायची दोरी सहज ओढली जायची, पण त्याला फेऱ्या जास्त लागणार होत्या. मी मोठ्याच्याच बाजूची होते.

घसरलेली बाई लांब पायरीवर बसली होती. जाऊबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, लहान मशीन सुरू केलं, चार पावलं चालली आणि एकदम हात सोडला. पातं थांबलं. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा सोडलं. असं करता करता तिला हसू फुटलं.

"हेच घ्या," ती म्हणाली.

जाऊबाईंनी तेच घेतलं. मला कुणी विचारलंही नाही, आणि त्या क्षणी जाऊबाईंचा मला फार अभिमान वाटला.

कापायला वेळ जास्त लागायचा, म्हणून आम्ही ऑफिसं उघडायच्या आधीच कामाला लागायचो. उतारावरचं गवत मात्र जाऊबाईंनी काढूनच टाकलं आणि तिथं पिवळ्या फुलांची पसरणारी वेल लावली. तिला कापायला मशीनच लागत नाही. नंतर आलेले पाहुणे हिरवळ सोडून तिच्यापुढं उभे राहून फोटो काढायचे.