मुलीच्या हॉटेलातलं बिल

नामदेवराव बिरादारांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या हॉलला दोन स्टार दिले होते. तेही लग्न आटोपायच्या आधी.

तिकडे पाठवणी चालली होती. केतकी आईच्या गळ्यात पडून रडत होती. करवल्या रडत होत्या. फोटोग्राफरसुद्धा नाक ओढत होता. आणि नामदेवराव खांबाआड उभे राहून फोनशी बोलत होते. ते टाइप करत नाहीत. ते बोलतात, फोन लिहून घेतो. "वधूपिता म्हणून लिहीत आहे. मठ्ठा कोमट. स्टेज डुगडुगतं. सप्तपदीच्या वेळी मला जावयापेक्षा स्टेजची काळजी जास्त वाटली. वराकडची मंडळी उशिरा आली. त्यात हॉलचा दोष नाही, पण हॉलने काही केलंही नाही."

पुण्याला परतल्यावर विहीणबाई वंदनाताईंनी हे वाचलं. त्यांनी त्याचा फोटो काढून नव्या सुनेला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. केतकीला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ती वडिलांशी बोलत नव्हती. राहायला इथेच, हैदराबादेत, कोंडापूरला. पण आबिड्सच्या घरी यायची ती वडील अफझलगंजच्या लायब्ररीत पेपर वाचायला गेले की. फोन त्यांनी उचलला तर म्हणायची, "आईला द्या." ते द्यायचे. मग शेजारी बसून, ऐकू येत नाहीये असं दाखवत, सगळं ऐकायचे.

माणूस वाईट नाही. त्यांचे वडील उदगीरकडची शेती सोडून निजामाच्या वेळी इथे आले. नामदेवराव वजनमापे खात्यात निरीक्षक झाले. उभी नोकरी दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात गेली. काटा कुठे थांबतो ते बघायचं आणि तेच लिहायचं. दुकानदार चहा मागवायचे. ते चहा प्यायचे नाहीत, पण कप भरलेला नसला तर तेही सांगायचे.

मग रिटायर झाले. तराजू संपले. मुलीनेच फोन घेऊन दिला आणि स्टार कसे द्यायचे ते शिकवलं. ही तिची चूक.

त्यानंतर कोणी सुटलं नाही. दाताच्या डॉक्टरला तीन: "योग्य तोच दात काढला." देवळाला दोन: "देवाबद्दल तक्रार नाही. चपलांबद्दल आहे." चुलत्यांना पोचवून आल्यावर स्मशानाला तीन: "सेवा तत्पर. पार्किंग अपुरं. पुन्हा यावं लागेलच." तीनच्या वर ते कधी गेले नाहीत. भामाबाई, त्यांच्या बायको, म्हणायच्या, "नशीब, माझा पत्ता नकाशावर दिसत नाही."

तर या वर्षी जावई आदित्यने कंपनीतली नोकरी सोडली आणि रामेनचं हॉटेल काढलं. जपानी शेवया, सूप, त्यावर अंडं. केतकी गल्ल्यावर बसायला लागली. हॉटेल चालू होऊन महिना झाल्यावर तिने आईला फोन केला. "शनिवारी दुपारी ये. बाबांनाही आण." भामाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण त्यांना सांग, यायचं, जेवायचं आणि गप घरी जायचं. लिहायचं नाही. एक शब्द लिहिला तर परत तोंड बघणार नाही."

नामदेवरावांनी हे सगळं शेजारी बसून ऐकलंच होतं. तरी भामाबाईंनी पुन्हा सांगितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण फुकट खाणार नाही. बिल देणार."

"जावयाच्या हॉटेलात?"

"म्हणजे मुलीचंच घर झालं. नातवंड होईपर्यंत बापाने मुलीच्या घरचं फुकट खाऊ नये. आपल्यात रीत आहे."

"तुम्ही आणि रीत? श्रावणात आम्लेट खाता बाहेर जाऊन."

"अंडं वेगळं, मुलगी वेगळी."

भामाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बिल दिलं की तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाईक झालं की लिहायला मोकळे. मला काय हौली, खुळी समजता का?"

"तसं काही नाही," नामदेवराव म्हणाले.

तसंच होतं.

शनिवारी दोघं गेली. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि काळ्या कपड्यांतली पोरं एका सुरात जपानीत ओरडली. नामदेवराव एक पाऊल मागे आले. कोणाच्या पायावर पाय पडला का ते बघितलं.

"स्वागत करतायत," भामाबाई म्हणाल्या.

"अंगावर येऊन?"

आदित्य धावत आला, वाकून पाया पडला. त्याच्या कपाळाला काळी पट्टी होती. "डोकं दुखतंय का रे?" भामाबाईंनी विचारलं. "नाही आई, हा गणवेश आहे," तो म्हणाला आणि पुन्हा भटारखान्यात पळाला. केतकी गल्ल्यावर होती. आईकडे बघून हसली. वडिलांकडे बघून म्हणाली, "बसा." वर्षभरात त्यांच्या वाट्याला आलेला हा एकच नवा शब्द. नामदेवराव लगेच बसले.

त्यांनी चिकनचं मागवलं. भामाबाईंचा शनिवार, म्हणून मश्रूमचं. नामदेवरावांचा हात दोनदा खिशातल्या फोनकडे गेला आणि दोनदा परत आला. खुर्चीला पाठ नव्हती. मेनू कागदावर नव्हता. भिंतीवर कोणत्यातरी माशाचं चित्र होतं आणि मासा नाराज दिसत होता. इतकं सगळं, आणि लिहायचं नाही.

त्यांचं रामेन आलं. तांदूळ धुवायचं पातेलं असतं, तेवढा वाडगा. वाफ येत होती. भामाबाईंचं आलं नाही.

नामदेवराव हात मांडीवर ठेवून बसले.

"खा की," भामाबाई म्हणाल्या.

"तुझं येऊ दे."

"गार होईल."

"पंगतीत शेजारचं पान वाढल्याशिवाय हात लावतात का?"

ही त्यांची पंगत म्हणजे एक टेबल आणि दोन माणसं. पण ते बसून राहिले. वाफ कमी झाली. शेवया सूप पीत राहिल्या आणि फुगत राहिल्या. शेजारच्या टेबलावर चार जण होते. तिघं खात होते आणि चौथा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याचं आलं तेव्हा तिघं पाणी पीत होते. नामदेवरावांनी हे पाहिलं. तराजूकडे बघायचे तसं पाहिलं.

शेवटी भामाबाईंचा वाडगा आला. नामदेवरावांनी अंडं फोडलं. पिवळं वाहायला लागलं. त्यांनी वाढणाऱ्या पोराला बोलावलं.

"बावा, अंडा कच्चा है."

"नै अंकल, ऐसाइच रहता."

"अरे कच्चा है."

"कच्चा नै अंकल. जापानी है."

त्यांनी सूप प्यायलं.

सूप चांगलं होतं. फार चांगलं होतं. लहानपणी थंडीत आई हाडांचा रस्सा रात्रभर मंद निखाऱ्यावर ठेवायची, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी होतं, आणि ते एका पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने केलं होतं. नामदेवरावांना अवघडल्यासारखं झालं. चांगल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं याचा त्यांना सराव नव्हता. भामाबाईंनी लिंबू मागितलं. मिळालं. पिळलं. "शेंगोळेच आहेत हे," त्या म्हणाल्या. "कुळथाचं पीठ तेवढं विसरलाय." आणि त्यांनी वाडगा तोंडाला लावला.

वाडगे रिकामे झाले. नामदेवराव गल्ल्याकडे गेले. भामाबाई मागोमाग.

"बिल."

"बिल नाहीये," केतकी म्हणाली.

"मुलीच्या घरचं मी फुकट खात नाही."

"हे घर नाही. हॉटेल आहे."

"हॉटेल असेल तर बिल दे."

केतकीने पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्हाला बिल कशाला पाहिजे ते मला माहीत आहे."

"रीत आहे. नातवंड होईपर्यंत."

"कुठली रीत? आजोबा आत्याकडे महिना महिना राहायचे."

"आत्याला मुलं होती. तू मुलं कर, मी रोज येऊन खातो."

मागे पैसे द्यायला उभं असलेलं एक जोडपं जमिनीकडे बघायला लागलं.

"अहो," भामाबाई हळूच म्हणाल्या, "गल्ल्यावर मागायची वस्तू आहे का ती?"

केतकीचे कान लाल झाले होते. पण आता ती थांबली नाही. वर्षभराचं साठलं होतं. "एक दिवस, बाबा. माझ्या लग्नाचा एक दिवस तुम्हाला गप बसता आलं नाही. मी रडत होते आणि तुम्ही मठ्ठ्याचं बोलत होता. माझ्या सासूने मला ते पाठवलं. मी काय सांगायचं त्यांना? माझे वडील असेच आहेत?"

नामदेवरावांनी काउंटरवरच्या काचेवरचा डाग बोटाने पुसला.

"तू जात होतीस," ते म्हणाले. "सगळे रडत होते. मला रडता येईना. कुठे बघावं ते कळेना. मग मठ्ठा दिसला."

भटारखान्यात काहीतरी खणखणलं. जोडपं पैसे विसरून ऐकत होतं.

केतकीने खाली मान घातली आणि मशीनमधून बिल काढलं. फाडून त्यांच्यासमोर ठेवलं. "घ्या. भरा. आणि लिहायचंय ना? लिहा. पण इथे. माझ्यासमोर. मला ऐकू दे."

नामदेवरावांनी पैसे दिले. फोन काढला. तोंडाजवळ धरला. एकदा खाकरले. फोनने ते लिहून घेतलं नाही.

"सूप उत्तम," ते म्हणाले.

केतकीने वर बघितलं. भामाबाईंनी फोनमध्ये डोकावून बघितलं.

"सूप उत्तम. जुन्या घरातल्या चुलीची आठवण येते. अंडं कच्चं."

"तसंच असतं."

"अंडं कच्चं. गल्ल्यावरच्या बाई म्हणतात तसंच असतं. त्यांचा आवाज चढतो."

"हे खोडा."

"आत गेल्यावर ओरडतात. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी फोन करून यावं. चार स्टार."

नामदेवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा चार दिले होते आणि ते स्वतःच थोडे घाबरले होते.

केतकी म्हणाली, "पाचवा कुठे गेला?"

"तुझ्या आईचा वाडगा उशिरा आला."

"व्हेज वेगळ्या पातेल्यात असतं."

"मग दोन्ही पातेल्यांनी एकमेकांना विचारावं. माझ्या शेवया फुगून वाडग्याबाहेर यायला लागल्या. त्या चौघांचं बघ. चौथा बिचारा तिघांचं जेवण बघायला आला होता. लोक एकत्र येतात, त्यांना एकत्र वाढायला नको? एकेकट्याला खायचं तर माणूस घरी फ्रिज उघडून उभा राहील."

"आदित्य," केतकीने हाक मारली. कपाळावरची पट्टी बाहेर आली. "एका टेबलचे सगळे वाडगे एकत्र का नाही निघत?"

"एका वेळी शेवयांच्या चारच जाळ्या उकळत्या पाण्यात जातात," आदित्य म्हणाला. "जी ऑर्डर आधी येते ती आधी टाकतो."

"टेबल बघून टाक."

"आतून टेबल दिसत नाही ना. मला फक्त चिठ्ठ्या दिसतात."

तो खरंच बोलत होता. सगळ्यांनी भटारखान्याच्या दाराकडे बघितलं. तिथून टेबलं दिसत नव्हती. तिथून फक्त मासा दिसत होता.

तेवढ्यात दार उघडलं. पोरं जपानीत ओरडली. आठ-दहा जणांचा घोळका आत आला. कोणाचातरी वाढदिवस होता. आदित्यचा चेहरा पडला.

केतकीने गल्ल्याखालचं स्टूल ओढलं आणि भटारखान्याच्या दाराशी ठेवलं. इथून आतही दिसत होतं आणि बाहेरही.

"बसा इथे," ती वडिलांना म्हणाली. "कोणत्या टेबलाचं सगळं तयार आहे ते सांगा. तयार झाल्याशिवाय एक वाडगा सोडायचा नाही."

"मी?"

"वजनमापे तुम्हीच ना?"

नामदेवराव बसले. या स्टुलालाही पाठ नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही. पहिला वाडगा बाहेर निघाला तसा त्यांनी हात आडवा केला. "ठहरो बावा. बाकीच्यांचं कुठे आहे?" पोरगा थांबला. आत आदित्यने जाळ्या खाली सोडल्या. "दोन मश्रूम बाकी," नामदेवराव आत ओरडले. आवाजात अफझलगंजचा सगळा बाजार होता.

भामाबाईंनी पर्स खांद्याला लावली. थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. "मी निघते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी जेवायला येणार ना?"

"बघू. इथेच खाईन काहीतरी."

"आता बिल कोण देणार?"

"मी कामावर आहे," नामदेवराव म्हणाले, आणि वाढदिवसाचे सगळे वाडगे एकदम सोडले.