नकाशातून काढलेले तांडे

आमच्या यवतमाळच्या ऑफिसात नकाशे बनतात. माणूस वेबसाइटवर हवा तेवढा भाग निवडतो, बटण दाबतो आणि त्याची मागणी रांगेत लागते. मागे एक प्रोग्राम सतत जागा असतो. तो एकेक मागणी उचलतो, नकाशा रंगवतो आणि छापण्याजोगा करून पाठवतो. हा प्रोग्राम मूळचा चाचांचा. चाचा आमच्यातले सर्वांत जुने. वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान सोडून कॉम्प्युटरकडे वळलेले.

त्यांच्या प्रोग्रामला एका नकाशाला दीड मिनिट लागायचं. मी पुण्याला दोन वर्षं नोकरी करून आलेलो, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. "चाचांची स्कूटर सेकंड गिअरच्या वर जातच नाही," असं म्हणून मी सगळ्यांना हसवायचो. शेवटी तो प्रोग्राम नव्यानं लिहायचं काम मी मागूनच घेतलं.

लिहायला बसल्यावर वेळ कुठं जातो ते कळलं. नकाशा रंगवण्याआधी प्रोग्राम दर वेळी चाचांची एक लांबलचक फाइल चाळायचा. मूळ नकाशात नसलेले बंजारा तांडे तिच्यात होते. घाटंजी, फुलसावंगीच्या बाजारांत चहाच्या टपरीवर बसून, आल्यागेल्याला विचारून चाचांनी ते जमवले होते: फाट्यापासून किती लांब, नाल्याच्या कोणत्या बाजूला. तांडा नायकाच्या नावानं ओळखला जातो, म्हणून एकाच जागेला जुन्या नायकाचं एक आणि नव्याचं एक, अशी दोन-दोन नावं. मला तो सगळा गबाळा कारभार वाटला. मी ती पायरीच उडवली. कोणी काय बदललं ते आमच्याकडे नावानिशी नोंदलं जातं. तिथं मी लिहिलं, "कचरा काढला."

"तांड्यायची फाइल घेतली ना, बेटा?" चाचांनी विचारलं होतं.

"घेतली ना, चाचा," मी मान वर न करता म्हणालो.

नकाशा दहा सेकंदांत निघू लागला. मालकांनी खूश होऊन तर्रीपोहे मागवले. मी दोन प्लेटी खाल्ल्या, हेही आठवतं.

उन्हाळ्यात फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची बाई आमचाच छापील नकाशा घेऊन ऑफिसात आली. पाण्याच्या टँकरवर नवा ड्रायव्हर आला होता आणि रस्ते कळावेत म्हणून त्याला हा नकाशा दिला होता. त्याच्याकडूनच तिनं तो मागून आणला होता.

"तीन दिवस झाले, टँकर फाट्यावरूनच वापस जाऊन राह्यला," ती म्हणाली. "डायवर म्हणते, नकाशात तांडाच नाही. मंग आमी काय हवेत राहतो? लेकरं नाल्यातलं गढूळ पानी पिऊन राह्यले."

मालक चाचांकडे वळले. "तांड्यांचं काम तुमच्याकडं होतं ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं. मी स्क्रीनवर काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं.

"माह्यी चूक झाली, बेटी," चाचा तिला म्हणाले. त्यांनी तिच्या नकाशावर पेनानं तांडा काढून दिला, ड्रायव्हरला फोन लावून रस्ता समजावला. मालक तिच्यादेखत त्यांना नको ते बोलले. मी ऐकत बसलो. लाज वाटत होती, पण त्या दिवशी लाजेपेक्षा नोकरीची काळजी मोठी ठरली.

ती गेल्यावर मी चाचांच्या टेबलाशी गेलो. "चाचा, ती फाइल..." त्यांच्या स्क्रीनवर बदलांची नोंद उघडी होती. माझं नाव, आणि माझे ते दोन शब्द.

"प्रोग्राम चांगला लिहिला तू. माह्यापेक्षा चांगला," ते म्हणाले आणि माझ्या ओळीखाली त्यांनी टाइप केलं, "तांडे परत ठेवले."

गेल्या वर्षी चाचा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मालक म्हणाले, "ते टँकरचं प्रकरण सोडलं, तर चाचांच्या कामात कधी खोट निघाली नाही." चाचा मान खाली घालून हसले. मी पहिल्याच रांगेत होतो, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.