दरवाजा नसलेलं मशीन

पांढुर्ण्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा तो माणूस हाती आलेलं मशीन आधी उलटं करतो आणि पाठीवरून अंगठा फिरवत स्क्रू शोधतो. हल्लीच्या पातळ मॉडेलांना स्क्रू सापडले नाहीत की हळूच म्हणतो, "दरवाजाच नाही ठेवला कंपनीवाल्यायनं."

मागे बोरगावची एक बाई मेलेल्या मुलाचा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आली. आत मुलाचा आवाज होता. तिला तेवढाच हवा होता.

"जुना असता तं डिस्क काढून देली असती, मावशी," तो म्हणाला. "आता कंपनी सगळं एकाच बोर्डावर पक्कं करून देते. बिघडला का नवा घ्या. त्यातच नफा हाय त्यायचा."

"पण तुमी तं सगळेच खोलता म्हणते लोकं."

त्यानं मशीन पुन्हा एकदा उलटून पाहिलं. मग म्हणाला, "ठेवून जा."

आठवड्यानं ती आली तेव्हा मी तिथंच होतो. जळलेला बोर्ड त्यानं काढून टेबलावर ठेवला होता. रिकामं मशीन मिटून त्यानं दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. "कान लावून पाहा, मावशी."

तिनं कान लावला. बराच वेळ ती हलली नाही. मग तिचा चेहरा उजळला.

"'माय, माय' म्हणून हाक मारून राहिला," ती म्हणाली, आणि मशीन पदरात गुंडाळून निघून गेली.

मी चिडलो. "फसवलंत तिला. आत काहीच नव्हतं."

"म्हणूनच तं रिकामा करून पाह्यला, भाऊ." त्यानं टेबलावरचा जळलेला बोर्ड माझ्याकडे सरकवला. "बोर्ड काढला तरी आवाज येऊनच राहिला होता."