वासुदेवचा नियम

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजता मी आईची तसबीर भिंतीवरून उतरवली. तोपर्यंत वासुदेव हा माझ्या लेखी नागपुरातला सर्वांत खरा माणूस होता.

प्रताप नगरात त्याचे छोटे दुकान. फाटके, बुरशी लागलेले जुने फोटो तो संगणकावर नीट करून देई. असा फोटो हाती घेण्यापूर्वी तो चपला काढी. गिऱ्हाईक हसे, तो हसत नसे. लोकांच्या मागण्या ठरलेल्या असत: आजोबांना कोट चढवा, आजीला पैठणी नेसवा. ते तो विनातक्रार करी. नियम एकच होता. "कपडा पाह्यजे तसा बनवून देतो, चेहरा बनवत नाही. तो ज्याचा त्याचा राह्यते."

एकदा कुहीचा एक शेतकरी वडिलांचा फोटो घेऊन आला. जिवंतपणी त्यांचा फोटो निघालाच नव्हता. गेल्यावर खुर्चीत बसवून, हार घालून काढलेला तो एकुलता एक. डोळे तेवढे उघडून द्या, असे त्याचे म्हणणे. वासुदेवने नकार दिला.

"काहून जी? दुसरे तं करून देऊन राह्यले."

"मंग दुसऱ्याकडं जा गा. तुह्या बापाचे डोळे मी कधी पाह्यले नाही."

शेतकरी रागावून निघून गेला. मी तेथेच बसलो होतो. त्याच आठवड्यात आईचा फोटो मी वासुदेवच्या हाती दिला.

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला थोरल्या बहिणीने, ताईने वाढवले. आईचा तो एकच फोटो. ओल लागून काचेला चिकटलेला, चेहरा धूसर. वासुदेवने तो महिनाभर ठेवून घेतला. परत दिला तेव्हा आई स्पष्ट दिसत होती. मूळ फोटो त्याच चौकटीत मागे बंद केला आहे, जीर्ण आहे, उघडू नका, असे त्याने बजावले. आई अशीच होती का, असे मी ताईला विचारले. "अशीच होती," ती म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी मी त्या चेहऱ्यासमोर हात जोडत आलो.

यंदा जानेवारीत ताई गेली. भाच्याने तिचा तरुणपणीचा एक फोटो पाठवला. मी तो पूर्वी पाहिला नव्हता. त्या रविवारी तो आईच्या तसबिरीशेजारी धरला. मायलेकींत साम्य असते. हे साम्य नव्हते. मानेचा कल, ओठांची ठेवण, गालावरचा उजेड, सारे तेच होते. चौकट उघडली. मूळ फोटोत लुगडे होते, खांदा होता. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद होता.

दुकानात गेलो. तसबीर समोर ठेवली. वासुदेवने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"काच काढताना चेहरा काचेसंगच निघून आला, भाऊ," तो म्हणाला. "ताईले बोलावलं. त्या म्हणे, माहा लावून दे, त्याले सांगू नको."

इतकी वर्षे मी हात कोणाला जोडत होतो, असे मी विचारले.

"वाढवलं तं त्याइनंच न तुम्हाले."

उत्तर चांगले होते. मी ते मागितले नव्हते. कुहीच्या अनोळखी माणसाशी तो जितका सरळ वागला, तितका माझ्याशी वागला नाही. ताईला तर आता विचारताही येत नाही.

घरी आलो. तसबिरीखालची 'आई' अशी पितळी पट्टी पेचकसाने काढली आणि भाच्याला फोन करून सांगितले की, ताईचा मोठा फोटो करायला टाकू नकोस. माझ्याकडे तयार आहे.